घाण्यापाशी उभं राहिल्यासारखं वाटलं पाहिजे

बार्शीहून एका वाचक ताईंचं पत्र : आमचा लाकडी घाणा आहे. शेंगदाणा आणि करडईचं तेल काढतो. आजोबांच्या वेळी बैल होता, आता मोटर आहे. वडील, म्हणजे आमचे आण्णा, ६४ वर्षांचे आहेत आणि सगळं एकटेच बघतात. माझं सासर गावातच असल्यामुळे दुपारची दुकानात मी बसते. गेल्या तीन-चार वर्षांत बरीच जुनी गिऱ्हाइकं पिशवीतल्या तेलाकडे गेली. माझा भाऊ पुण्यात असतो. त्याने एक व्हिडिओवाला शोधलाय, तो २५,००० रुपये मागतो. त्यात ड्रोन, एक मॉडेल मुलगी, सध्याचं एक हिंदी गाणं आणि ‘हृदयविकाराला रामराम’ अशी ओळ असणार आहे. दादा म्हणतो, व्हायरल होईल. आण्णा म्हणतात, ‘मी काय नट हाय का? मी कॅमेऱ्यापुढं यायचो नाही.’ दिवाळी दीड महिन्यावर आलीय. पैसे घालावेत का? की मीच फोनवर काहीतरी करू? मला यातलं काही येत नाही.

ताई,

आधी उत्तर सांगते. ते २५,००० सध्या गल्ल्यातच राहू द्या. व्हिडिओ तुम्हीच करा, तुमच्याच फोनवर. आणि आण्णा म्हणतात ते बरोबर आहे, त्यांना नट व्हायला सांगूच नका.

तुमचं पत्र वाचून मला माझ्या मामांचं दुकान आठवलं. तांब्या-पितळेची भांडी आणि मागच्या बाजूला कल्हई. काही वर्षांपूर्वी मीच मागे लागून त्यांना व्हिडिओ करायला लावला. एकाला पैसे देऊन करून घेतला. सुरुवातीला ड्रोनमधून गावाची पत्र्याची छपरं आणि पाण्याची टाकी, मग एका मुलीच्या हातात चकचकीत तांब्या, वर जोरदार गाणं. दिसायला छान होता. पंधरा दिवसांत गाण्याच्या हक्कावरून त्याचा आवाज बंद पडला, तो मुका व्हिडिओ तसाच फिरत राहिला. फोन आले ते परराज्यांतून, घाऊक भाव विचारायला. आणि एक दिवस समोरच्या गल्लीतल्या शाळेच्या बाई आल्या. म्हणाल्या, ‘तुमचा व्हिडिओ पाहिला हो. तुमच्याकडे कल्हई करून मिळते का?’ मामा चाळीस वर्षं तिथे कल्हई करत होते. नवसागराचा धूर आणि कथील फिरलं की क्षणात पांढरं होणारं पातेलं, हे त्या दुकानातलं सगळ्यात बघण्यासारखं. ते आम्ही दाखवलंच नव्हतं. ही चूक माझी होती, म्हणून तुम्हाला इतकं कळकळीने लिहितेय.

तुमचं गिऱ्हाईक कुठे राहतं? बार्शीत. फार तर वैराग, पांगरी, कुर्डुवाडीला. व्हिडिओ लाखभर लोकांनी बघितला आणि त्यातले सगळे तीनशे किलोमीटरच्या पलीकडचे असले, तर त्याचा घाण्याला काय उपयोग? दर महिन्याला पिशवीतलं पाच लिटर तेल घेणारी, तुमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहणारी एखादी वहिनी डोळ्यांपुढे आणा. तुम्ही दुपारी दुकानात बसता, म्हणजे तिचे प्रश्न तुम्हाला पाठ असतील. हे खरंच नुसत्या शेंगदाण्याचं असतं का? एवढं महाग का? आणि बाटलीच्या तळाशी हा गाळ कसला? पूर्वी ही बाई डबा घेऊन घाण्यापाशी उभी राहायची, डोळ्यांदेखत शेंगदाणे पडताना आणि तेल येताना बघायची. तिला काही पटवून द्यावं लागत नव्हतं. आता ती तिथे येऊन उभी राहत नाही, एवढाच फरक पडलाय. तुमच्या व्हिडिओने तिला पुन्हा घाण्यापाशी नेऊन उभं करायचं.

म्हणून एक मोठा व्हिडिओ करू नका. तीन छोटे करा, प्रत्येकी अर्ध्या मिनिटाचा, एकात एकच प्रश्न.

पहिला, ‘महाग का’. तराजूवर शेंगदाणे ठेवा, आकडा स्पष्ट दिसू दे. लाकडी घाण्यावर एक लिटर तेलाला साधारण अडीच किलोच्या आसपास दाणे लागतात, पण तुम्ही पुस्तकातला आकडा घेऊ नका. आण्णांच्या घाण्यात त्या दिवशी जेवढे लागले तेवढेच वजन दाखवा. मग घाणा, मग लिटरचं भरलेलं माप. अडीच किलो दाण्यांचा बाजारभाव बघणारीला तोंडपाठ असतो. हिशेब तिचा ती करेल, तुम्हाला ‘परवडणाऱ्या दरात’ असलं काही म्हणावंच लागणार नाही.

दुसरा, गाळाचा. हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण गिऱ्हाईक बोलून न दाखवता याच शंकेवर तुटतं. घाण्यातून नुकतं आलेलं तेल गढूळ असतं, दोन-तीन दिवस ठेवलं की निवळतं आणि गाळ खाली बसतो, हे आपल्याला माहीत आहे. तिशीतल्या मुलीला ते कोणी सांगितलेलं नसतं, तिला ती भेसळ वाटते. काचेच्या दोन सारख्या बरण्या घ्या. एकीत आज काढलेलं तेल, दुसरीत तीन दिवसांपूर्वीचं. दोन्ही उजेडात शेजारी शेजारी ठेवा. एक ताकासारखं धूसर, दुसऱ्यातून मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर दिसतंय. आण्णांचा फक्त आवाज : ‘ह्ये आजचं, ह्ये मंगळवारचं. ह्यो गाळ दाण्याचाच हाय.’ बास.

तिसरा, घाणाच. लाट, म्हणजे घाण्यातलं दाणे चुरडणारं जाड लाकूड, फिरतेय, दाणे चुरडले जातायत, त्यावर पाण्याचा हबका पडतोय, आणि तोटीतून पहिली धार डब्यात येतेय. शेवटी ज्वारीची भाकरी, सोलापुरी शेंगा चटणी आणि वर चमचाभर कच्चं तेल. आपल्या भागात यापुढे काही बोलावं लागत नाही. हा व्हिडिओ सुरू करताना दुकानाच्या पाटीपासून किंवा नमस्कारापासून सुरू करू नका. पहिलं दृश्य ती धार असू दे. बघणारा अंगठा पुढे सरकवायचा की नाही ते पहिल्या दोन-तीन सेकंदांत ठरवतो, पाटी शेवटी दाखवली तरी चालते.

आता चित्रण कसं करायचं ते. फोन उभा धरा, कारण सगळे उभाच बघतात. आणि आधी भिंग पुसा! हे मी मुद्दाम सांगतेय. घाण्याच्या दुकानात हवेतच तेलाचा अंश असतो, काउंटर, वही, चष्मा, सगळ्यावर हलका थर बसतो. फोनच्या भिंगावरही बसतो. डोळ्यांना तो जाणवत नाही, पण व्हिडिओत प्रत्येक दिवा पसरट दिसतो आणि तेलाची धार धुरकट येते. चष्म्याचं मऊ फडकं जवळ ठेवा आणि दर दहा मिनिटांनी पुसा. साडीचा पदर नको, त्यालाही तेल असतंच.

उजेडाचं म्हणाल तर सकाळी शटर पूर्ण वर करून दाराच्या उजेडातच करा. ट्यूबलाइट बंद. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. डोळ्यांना ते कळत नाही, पण फोन बहुतेक वेळा सेकंदाला ३० चित्रं घेतो आणि त्या दोहोंचा मेळ बसत नाही. मग चित्रावर काळसर पट्टे वर-खाली सरकत राहतात. आतल्या कोपऱ्यात दिवा लावावाच लागला तर फोनमध्ये २५ चित्रांची सोय आहे का बघा, बहुतेकदा तेवढ्याने काम होतं. धारेचं चित्रण करताना उजेड धारेच्या मागून किंवा बाजूने येऊ द्या. समोरून उजेड पडला की तेल सपाट पिवळं दिसतं, मागून आला की ते सोन्यासारखं पेटतं. हे एकदा दोन्ही बाजूंनी करून बघाच. फोन हातात न धरता तेलाच्या डब्यावर दोन पुस्तकांच्या आधाराने उभा केला तरी चालतो. नुसता हलता कामा नये.

आवाजाकडे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात. माझं म्हणणं, तुमच्याकडे गाणं लावायची गरजच नाही. लाकूड लाकडावर घासताना घाण्याचा जो ‘कुईं-कर्र’ आवाज येतो, तो बार्शीतल्या पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येक माणसाने लहानपणी ऐकलाय. त्यापेक्षा चांगलं संगीत कोण देणार? फक्त मोटरचा घुमघुमाट त्यावर चढू नये म्हणून फोन मोटरपासून लांब, लाटेजवळ ठेवा. आण्णांचं बोलणं मात्र मोटर बंद असताना घ्या. हजार रुपयांच्या आत कॉलर माईक मिळतो. तो नसेल तर दुसरा एक फोन रेकॉर्डिंगला लावून त्यांच्या सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवा, आणि नंतर तो आवाज चित्राला जोडा. भाच्यापुतण्यांपैकी कोणीतरी पाच मिनिटांत जोडून देईल.

चित्रपटातलं गाणं का नको, तेही सांगते. ते गाणं कोणाच्या तरी मालकीचं असतं आणि आपण ते माल विकण्यासाठी वापरत असतो. त्यासाठी परवानगी लागते. इन्स्टाग्रामवर घरगुती खात्याला जी गाणी दिसतात, ती सगळी दुकानाच्या खात्याला वापरायची मुभा नसते. मामांच्या व्हिडिओचं काय झालं ते वर लिहिलंच आहे.

आता आण्णा. त्यांना कॅमेऱ्याकडे बघून बोलायला लावू नका, लिहून दिलेलं तर मुळीच नको. ते काम करत असताना कॅमेरा फक्त त्यांच्या हातांवर ठेवा आणि तुम्ही बाजूला उभ्या राहून खराच प्रश्न विचारा. ‘आण्णा, पेंड झाली हे कसं कळतं?’ चाळीस-पन्नास वर्षं एकच काम केलेला माणूस या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय राहत नाही. ते मुठीत पेंड दाबतील, उघडून दाखवतील, काहीतरी म्हणतील. बोली बदलू नका, ‘हाय’चं ‘आहे’ करायला सांगू नका. चेहरा आला तर आला, नाही आला तरी हात पुरेसे आहेत. चित्रण झालं की आधी त्यांनाच दाखवा. त्यांनी ‘नको’ म्हटलं तर तो भाग काढा, वाद घालू नका.

गिऱ्हाइकांनाही विचारल्याशिवाय कॅमेऱ्यात घेऊ नका, लेकरांना तर अजिबात नको. आणि घरच्याच कोणाला गिऱ्हाईक बनवून ‘मी दहा वर्षांपासून हेच तेल वापरते’ असं म्हणायला लावू नका. बार्शीसारख्या गावात ती तुमची मावशी आहे हे पहिल्या तासात कळतं, आणि मग खरं सांगितलेलंही खोटं वाटायला लागतं.

‘हृदयविकाराला रामराम’ ही ओळ मात्र आजच्या आज काढायला सांगा. इथे मी कडक बोलणार आहे. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ मध्ये खाण्याच्या वस्तूची दिशाभूल करणारी जाहिरात करणाऱ्याला १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. खाद्यतेलाच्या पॅकिंगवर ‘अँटी-कोलेस्टेरॉल’, ‘हृदयाला सुखकर’ असे शब्द लिहायलाही नियमांनी मनाई केलेली आहे. ‘कोलेस्टेरॉल-फ्री’ म्हणून मिरवण्यातही अर्थ नाही, कारण तेल वनस्पतीचं असलं की त्यात कोलेस्टेरॉलचा प्रश्नच येत नाही, मग ते तुमचं असो की पिशवीतलं. पण दंडापेक्षा मला दुसरी भीती वाटते. नुकतीच अँजिओप्लास्टी झालेला एखादा माणूस ती ओळ वाचून डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्य सोडेल आणि बिनधास्त तळण खाईल. आण्णांच्या नावावर ते नको. तसंच रिफाइंड तेलाला विष म्हणणं, कोणा कंपनीची पिशवी दाखवून नावं ठेवणं हेही टाळा. तुमचं तेल कसं निघतं ते दाखवायला तुमच्याकडे एवढं आहे की दुसऱ्याबद्दल बोलायला अर्ध्या मिनिटात जागाच उरणार नाही.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण विचारते. दुकानात पिंपाच्या नळाखाली गिऱ्हाइकाची किटली धरून तेल देता का? खाद्यतेल सुटं विकायला अन्नसुरक्षेच्या नियमांनी मनाई आहे, ते पॅकबंद आणि लेबल लावून विकायचं असतं. गिऱ्हाईक स्वतःचे शेंगदाणे घेऊन आलं आणि तुम्ही नुसती गाळपाची मजुरी घेतली, तर ती गोष्ट वेगळी. व्हिडिओ करायच्या आधी अन्न आणि औषध प्रशासनाच्या कार्यालयात जाऊन तुमच्या व्यवहाराला काय लागू होतं ते विचारून घ्या, आणि काही राहिलं असेल तर ते नीट करा. कॅमेऱ्यात न दाखवता तसंच चालू ठेवू असं म्हणू नका. अन्नसुरक्षा नोंदणीचा १४ आकडी क्रमांक बाटलीच्या लेबलवर असेलच, तो शेवटच्या दृश्यात वाचता येईल असा येऊ द्या.

आणि स्वतःचे दाणे आणून गाळप करून देण्याची सोय तुमच्याकडे असेल, तर चौथा व्हिडिओ त्याचाच करा. पिशवीभर दाणे घेऊन येणारी बाई, तिच्यासमोर चालणारा घाणा, जाताना तिच्या हातात तेल आणि पेंड. शंका घ्यायला जागाच राहत नाही. ही सोय अजून आहे हे नव्या लोकांना ठाऊकच नसतं, जसं शाळेच्या त्या बाईंना कल्हईचं ठाऊक नव्हतं.

शब्द थोडे आणि मोठ्या अक्षरांत टाका, कारण पुष्कळ लोक आवाज बंद ठेवूनच बघतात. पडद्याच्या अगदी खाली लिहू नका, तिथे ॲपची बटणं येतात आणि अक्षरं झाकली जातात. टाकण्याआधी कोणा शिक्षकाकडून शुद्धलेखन बघून घ्या. शेवटी पाटी आणि पत्ता निदान पाच सेकंद स्थिर ठेवा. पत्ता लोक तोंडी सांगतात तसा लिहा : भगवंत मंदिराकडून येताना कुठे वळायचं, कशाच्या शेजारी, किती ते किती उघडं, कुठल्या वारी बंद. फोन नंबर असा द्या जो दुकानाच्या वेळेत नक्की उचलला जाईल. आण्णांचे हात तेलाचे असतात, म्हणून तो तुमचाच असावा असं मला वाटतं.

टाकायचा कुठे? पहिल्यांदा गूगलच्या नकाशावर दुकानाची नोंद करा. ती फुकट होते, तिथे ३० सेकंदांपर्यंतचा व्हिडिओ चढवता येतो, आणि ‘बार्शी घाणा तेल’ असं शोधणारा माणूस पिशवी रिकामी घेऊनच शोधत असतो. मग व्हॉट्सॲप. तुमच्या स्टेटसवर ठेवा, भिशीच्या, बचत गटाच्या, शाळेच्या पालकांच्या गटात टाका, पण प्रत्येक गटात एकदाच आणि त्या गटाच्या ताईंना विचारून. इन्स्टाग्राम-फेसबुकवरही ठेवा, तिथे गावाचं नाव जोडायला विसरू नका. पूर्वी टॉकीजमध्ये मध्यंतराला गावातल्या दुकानांच्या स्लाइड दाखवायचे, आठवतं का? समोर बसलेला प्रत्येक माणूस त्याच गावचा असायचा, म्हणून त्या साध्या स्लाइडचाही उपयोग व्हायचा. तुम्हाला तसे प्रेक्षक हवेत.

वेळेचं गणित असं धरा. फराळाची तळणी वसुबारसेच्या आठवडाभर आधी सुरू होतात आणि तेल त्याच्याही आधी घरात येतं. म्हणजे पहिला व्हिडिओ दिवाळीच्या तीन आठवडे आधी, बाकीचे आठवड्याच्या अंतराने. तोपर्यंत तेल काढून, निवळून, बाटल्या भरून तयार हव्यात. लोक आले आणि ‘परवा या’ म्हणावं लागलं तर सगळी मेहनत फुकट जाईल. नवीन गिऱ्हाईक आलं की कुठून कळलं ते विचारून वहीत लिहा. दिवाळीनंतर ती वही बघा आणि मग दादाशी पैशांचं बोला. त्याच्यावर रागावू नका, लांब राहून घरासाठी काहीतरी करावं म्हणूनच त्याने एवढी खटपट केलीय. दिवाळीला तो घरी आला की कॅमेरा त्याच्या हातात द्या.

आणि त्या वेळी एक काम आठवणीने करा. अर्ध्या मिनिटाचं काम झाल्यावर कॅमेरा बंद करू नका, तासभर चालू ठेवा. पहिला दाणा पडल्यापासून पेंड निघेपर्यंतचा पूर्ण घाणा, आण्णा जे जे बोलतील त्यासकट. पाणी कधी आणि किती शिंपडायचं, करडईला काय वेगळं करावं लागतं, बैलाच्या वेळी किती वेळ लागायचा, आजोबा काय म्हणायचे. हे कुठेही टाकायचं नाही. त्याच्या दोन प्रती करा, एक तुमच्याकडे आणि एक दादाकडे.